गठ्ठ्यावरचं ओलं फडकं

ईराची हनुवटी हिरवी होती. जीभ निळी, ओठ निळे, आणि हनुवटी हिरवी. मी हाताला आलं ते ओलं फडकं ओढलं आणि तिचं तोंड पुसत सुटले, ती भोकाड पसरून रडायला लागली, आणि माझ्या डोक्यात एकच. हिरवा म्हणजे पिवळा, पिवळा म्हणजे हरताळ, हरताळ म्हणजे विष.

थांबा, नीट सांगते. मी सिंगापूरला हौगांगमध्ये राहते. बारावी काही झाली नाही माझी. नवरा मरीन इंजिनियर, तेव्हा बोटीवर होता, फोन लागत नव्हता. मी मोरी-सान म्हणून एका जपानी आजोबांकडे हेल्पर आहे. ते लाकडी ठशांनी रंगीत चित्रं छापतात. ईरा दीड वर्षाची. तिचं चाइल्डकेअर साथीमुळे बंद होतं, म्हणून तेच म्हणाले, इकडे घेऊन ये.

या कामात एका चित्राला एकच ठसा नसतो. दर रंगाला वेगळी फळी. आधी काळ्या रेघा, मग पिवळा, मग निळा. कागद सगळा वेळ ओलसर ठेवायचा. वाळला की तो आक्रसतो, आणि पुढचा रंग रेघेच्या बाहेर जातो. म्हणून गठ्ठ्यावर कायम ओलं फडकं. ते काढायचं नाही, हा मोरी-साननी शिकवलेला पहिला नियम. आणि आमच्या चित्रात हिरव्याची फळीच नसते. पिवळ्यावर निळा छापला की शेत हिरवं होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कागद धरून तशीच उभी राहिले होते.

पिवळ्यासाठी जुन्या काळी कधीकधी हरताळ वापरायचे, तोच आपल्याकडचा पिवळा दगड कुटून केलेला, विषारी. मोरी-सानकडे त्याची एक बाटली आहे. कुलपात असते. पण त्या क्षणाला कुलूप कोणाला आठवतंय.

ईराने हात घातला होता त्याच निळ्याच्या वाटीत मोरी-साननी बोट बुडवलं आणि सरळ स्वतःच्या जिभेला लावलं.

"ब्लू ओन्ली," ते म्हणाले. "सेफ. यलो बाउल वॉश्ड."

"मग हिरवं कुठून आलं?" मी विचारलं, मराठीत, मग इंग्लिशमध्ये.

त्यांनी गठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या फडक्याकडे. तोवर मी ईराला कडेवर घेऊन दाराबाहेर पडले होते. त्यांनी बूट घातले आणि मागून आले.

शेजारच्या ब्लॉकखाली क्लिनिक आहे. डॉक्टर तरुण, चायनीज, इकडच्यासारखं वाक्याच्या शेवटी ‘लाह’ लावणारी. तिने ईराची निळी जीभ बघितली, मोरी-सानची निळी जीभ बघितली, आणि पेशंट नक्की कोण, बेबी की अंकल, असं विचारलं. मला हसू आलं नाही. तिने ईराला नीट तपासलं, मोरी-सानना रंगाचं नाव विचारलं, कुठेतरी फोन केला. एवढ्याशाने काही होत नाही म्हणाली, तरी थोडा वेळ बसवून ठेवलं.

तिथे बसून मोरी-सान मला त्या निळ्याची गोष्ट सांगत होते, थोडं इंग्लिश, थोडे फोनमधले फोटो. तो निळा जपानचा नाहीच. जर्मनीत निघाला, बोटीने जपानला आला. जपान्यांनी त्याचं आभाळ केलं, समुद्र केला, साध्या माणसाला परवडतील अशा चित्रांत. मग तीच चित्रं बोटीने युरोपात गेली आणि तिकडचे मोठेमोठे चित्रकार बघत राहिले. चित्रात सावली नाही तरी माणूस जिवंत. झाड कडेला अर्धं कापलेलं तरी कमी वाटत नाही. त्यांनी आपली चित्रं तशी काढायला घेतली. अख्खं जग फिरून आलेला रंग माझ्या पोरीच्या जिभेवर होता. मी तिच्या तोंडाकडे बघतच बसले.

तेवढ्यात डॉक्टरने तिची हनुवटी पांढऱ्या कापसाने पुसली. कापूस पिवळा.

"मम्मी, लंचला काय दिलं?"

खिचडी. भरपूर हळद घालून.

"दिस वन टर्मरिक, लाह."

पिवळ्यावर निळा. मी रोज जे छापताना बघते तेच.

परत आलो तर एसी चालू, गठ्ठा उघडा, कागदांच्या कडा वर वळलेल्या. फडकं माझ्या पिशवीत. मोरी-साननी कागद पुन्हा ओले करून निळा छापून बघितला. रंग रेघेच्या केसभर बाहेर.

ऑर्डर एका गॅलरीची होती. युरोपातल्या एका चित्रकाराने असलंच जपानी चित्र बघून आपलं चित्र रंगवलं होतं. त्या चित्राच्या फोटोशेजारी आमचं लावायचं होतं. गॅलरीची फ्रेंच बाई आली, तिने तो फसलेला कागद उजेडात धरला आणि म्हणाली, किती सुंदर, आमच्या चित्रकारांना असं सांडलेलं फार आवडलं असतं.

"त्यांना चालेल," मोरी-सान म्हणाले. "मला नाही."

सगळं पहिल्यापासून छापलं. प्रदर्शन उघडलं तेव्हा फोटोशेजारची भिंत रिकामी होती. चित्र नंतर लागलं.

मला वाटलं, नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी टेबलाजवळच्या खिळ्यावर एक नवा कोरडा नॅपकिन टांगलेला होता. ईरासाठी, एवढंच म्हणाले. रंगाच्या वाट्या भिंतीवरच्या उंच शेल्फवर गेल्या होत्या. मीही आता तिला खिचडी खाऊ घालून, तोंड धुऊनच आत आणते.

एक मात्र डोक्यातून जात नाही. त्या माणसाने माझ्यासमोर रंग चाटून दाखवला होता. तो बरोबर होता. तरी मी थांबले नाही. आजही थांबणार नाही बहुतेक. तुम्ही काय केलं असतं?