सरावाचा साक्षीदार

"साहेबाला सांग, माजा बोलून झाला नाय."

असं म्हणून चाचा उजव्या हाताचा पंजा थेट कॅमेऱ्यासमोर धरायचे. पलीकडे युरोपातल्या कुठल्यातरी देशातले न्यायाधीश बसलेले असायचे आणि त्यांच्या पडद्यावर त्या वेळी चाचांच्या तळहाताशिवाय काही दिसत नसणार. मी दुभाषी. खटल्यातलं बोलणं हिंदीत आणि भांडण मराठीत, असा चाचांचा नियम होता. त्यामुळे हे वाक्य माझ्या वाट्याला यायचं.

आमचा उद्योग काय होता ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कोर्टात नोकरीला होते. कुवेतच्या फिंतास भागातल्या एका इमारतीत, औषधांच्या दुकानावर, एक खाजगी प्रशिक्षण कंपनी आहे. युरोपातले न्यायाधीश आणि कोर्टातले कर्मचारी यांना ती ऑनलाइन प्रशिक्षण देते. परक्या भाषेतल्या साक्षीदाराचं म्हणणं दुभाष्यामार्फत कसं ऐकावं, हा विषय. आज पोर्तुगाल, उद्या पोलंड, परवा फिनलंड. खऱ्या साक्षीदारावर सराव करता येत नाही, म्हणून सरावाचा साक्षीदार लागतो. कुवेतमध्ये हिंदी बोलणारे ढिगाने मिळतात आणि स्वस्तात मिळतात, म्हणून हे काम इथे आलं. मी नाशिकची, नवरा तेल कंपनीत, मुलगी शाळेत. घरी बसून डोकं फिरायची वेळ आली होती, तेव्हा ही नोकरी मिळाली.

चाचा म्हसळ्याकडचे. साठी ओलांडलेले, बुटके, आवाज मात्र दोन मजले ऐकू जाईल असा. अर्धं आयुष्य बांधकामांवर गेलेलं, मग एका दुकानात, मग आमच्याकडे. मला ते 'बाय' म्हणायचे. पहिल्याच दिवशी माझा डबा उघडून पाहिला आणि म्हणाले, "ह्ये काय गो बाय, रोज भेंडी? तुज्या नवऱ्याचा गुन्हा काय?" दुसऱ्या दिवशी फहाहीलच्या मासळी बाजारातून आणलेल्या झुबैदीचं, म्हणजे पापलेटाचं, कालवण माझ्यासमोर. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा दुःखाने पाहिलं की मलाच वाईट वाटलं.

सरावाचा खटला ठरलेला होता. इमारतीवरून एक मजूर पडून मेला. त्याचा सोबती साक्ष देतो की मजुरांना सुरक्षेचे पट्टे मिळालेच नव्हते. मग उलटतपासणीत तो गडबडतो आणि शेवटी कबूल करतो की मी खोटं बोललो. ही गोष्ट आमच्या मॅनेजरने लिहिली होती. आखातात ही गोष्ट रचायला कल्पनाशक्ती लागत नाही. मजूर पडतात. खोटेपणाचा भाग तेवढा त्याने स्वतःच्या डोक्यातून काढला होता.

चाचांची साक्ष ऐकणं हा एक अनुभव होता. न्यायाधीश विचारायचे, "त्या दिवशी काय झालं?" चाचा सुरुवात करायचे ती मेलेल्या माणसाच्या गावापासून. घर कुठे, बाप काय करायचा, कुवेतला कोणी आणलं, पहिल्या उन्हाळ्यात तो कसा रडला. न्यायाधीश सभ्यपणे म्हणायचे, "मुद्द्यावर या." झालं. पंजा वर. आणि मग चाचा जिथे थांबले तिथून पुढे जायचे नाहीत. पुन्हा गावापासून सुरुवात. एका फिनिश न्यायाधीशाने त्यांना इतक्या वेळा अडवलं की मजूर शेवटपर्यंत इमारतीवर चढलाच नाही. वेळ संपली. न्यायाधीशाने शेरा लिहिला, 'साक्षीदार मुद्दा टाळतो.' तो मी भाषांतर करून सांगितल्यावर चाचा खूश झाले.

"लिव दे. पण माणूस पडला नाय ना आज?"

त्यांची ही सवय कॅमेऱ्यापुरती नव्हती. एकदा छातीत कळा येतात म्हणून मी त्यांना जाब्रियाच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर मल्याळी, तरुण. त्याने विचारलं, "कुठे दुखतं?" चाचांनी विमानतळावर उतरल्यापासून सुरुवात केली. मी लाजेने मोबाइलमध्ये डोकं घातलं. बाहेर रांग. डॉक्टरने पेन खाली ठेवलं, खुर्ची मागे घेतली आणि ऐकत बसला. चाचा बोलले, बोलले आणि आपले आपण छातीपाशी येऊन थांबले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुज्या त्या युरोपातल्या लोकांना सांग. जज असा असतो."

मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, घर लांब आहे, बोलायला कोणी नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, एकदा धरलं की सोडत नाहीत. पण तसं नव्हतं.

एका संध्याकाळी मी त्यांना गाडीतून फहाहीलला सोडत होते. पुढे अपघात झालेला, गाड्या अडकलेल्या. त्या दिवशी मॅनेजरने त्यांना सगळ्यांसमोर झापलं होतं, कारण शेवटचं वाक्य, 'मैंने झूठ बोला था', ते कधीच म्हणत नसत. आजवर एकदाही म्हटलं नव्हतं. कधी ठसका लागायचा, कधी इंटरनेट जायचं, कधी वेळच संपायची. मी म्हटलं, "चाचा, नाटक तर आहे. म्हणून टाका ना एकदा."

मग त्यांनी सांगितलं, अर्थात अगदी सुरुवातीपासून. आणि त्या दिवशी मला घाई नव्हती.

त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. चाचांनीच व्हिसा काढून त्याला इथे आणला, आपल्याच कामावर लावला. तो पडला. ठेकेदाराच्या ऑफिसात चौकशी बसली, चाचा एकटेच साक्षीदार.

"माना विचारला, 'पट्टा बांधलेला होता का?' मी सांगाया लागलो. पट्टे कोठीत, कोठीला कुलूप, चावी फोरमनकडं, फोरमन आलेला नाय, आनी वरून हुकूम की काम चालू करा. मी कोठीपरेंत आलो नाय तर साहेब बोल्ला, 'येस ऑर नो?' मी बोल्लो, 'नो.' खरा होता ना गो? नव्हता बांधलेला."

चौकशीचा निकाल लागला की कामगाराने पट्टा वापरला नाही. कामगाराची चूक. चाचांच्या एका खऱ्या शब्दावर ते सगळं उभं राहिलं. बायको तिकडे गावी. तिच्या कानावर एवढंच गेलं की नवऱ्याने तिच्याच भावाच्या विरुद्ध साक्ष दिली.

"आजून तेच बोलते. मी कोठीचा सांगाया गेलो की फोन ठेवते."

गाड्या हलल्या.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरकडे गेले. पुण्याचा, माझ्याहून लहान, बोलायला अगदी गोड. मी म्हटलं, "शेवटचं वाक्य बदला. प्रत्येक साक्षीदार खोटाच कशाला निघायला हवा?"

"मॅडम, तो लर्निंग पॉइंट आहे."

"कसला पॉइंट? आमची माणसं खोटं बोलतात हा?"

"तुम्ही पर्सनली घेताय. चाचांना शॉर्ट बोलायला सांगा ना. क्लायंटचा फीडबॅक असाच येत राहिला तर मला दुसरं काहीतरी बघावं लागेल."

मला संताप आला. ऐकायचं कसं हे शिकवण्यासाठी लोकांकडून फी घ्यायची आणि ज्याचं ऐकायचं त्यालाच गप्प करायचं! हे मी त्याला तोंडावर बोलले. तो हसून म्हणाला, "पॉइंट नोटेड." असल्या माणसांशी भांडणं म्हणजे ओल्या साबणाला धरणं.

त्याने दुसरं काहीतरी खरंच बघितलं. चाचांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपत आला, तो वाढवला नाही. निरोपाच्या दिवशी केक आणला, घड्याळ दिलं, भाषण केलं. चाचा उत्तराला उभे राहिले आणि म्हणाले, "मी जेवा कुवेतला आलो..." मॅनेजर हसत टाळ्या वाजवायला लागला. सगळे टाळ्या वाजवायला लागले. त्या आवाजात चाचांना बसावंच लागलं. टाळ्यांनीही माणसाचं तोंड बंद करता येतं, हे मला तेव्हा कळलं. केक मी खाल्ला नाही.

गावी गेल्यावर चाचा अधूनमधून फोन करायचे. पोटभर बोलायचे. मग काही दिवस फोन आला नाही, आणि एके दिवशी त्यांच्याच नंबरवरून एका बाईचा आवाज आला. "ते गेले. त्यांचे फोनात तुमचा नाव होता, म्हनून कळवला."

छातीनेच नेलं. मी रडले, ते लपवत नाही. फोनवर चाची होत्या. मग त्यांनी विचारलं, "तुमी त्यांचा बोलना साहेबांना सांगायच्या ना? काय सांगायचे ते?"

मी सांगितलं. कोठी, कुलूप, चावी, न आलेला फोरमन, काम चालू करा म्हणून आलेला हुकूम, आणि अर्ध्यात तोडलेली साक्ष. सगळं, चाचांच्या पद्धतीने, पहिल्यापासून. त्यांनी मध्ये एकदाही फोन ठेवला नाही. माझं सांगून झालं. मग म्हणाल्या, "मी त्यांना कदी पुरता बोलूच दिला नाय."

इथे हे लिहिणं थांबवता आलं असतं. पण खरी चीड पुढेच आहे.

मध्यंतरी साक्षीदाराची जागा रिकामी होती आणि सराव बंद होता. गेल्या आठवड्यात तो पुन्हा सुरू झाला. मॅनेजर म्हणाला, "नवी सिस्टिम आहे मॅडम, आता साक्षीदार कधी वेळ खाणार नाही." मी कानाला हेडफोन लावला आणि समोर पडद्यावर चाचा आले. तोच चेहरा, तोच आवाज. जुन्या सरावांची सगळी चित्रणं कंपनीकडे होती, त्यांतून संगणकाने तयार केलेले चाचा. प्रश्न विचारला की उत्तर. एका वाक्यात. गाव नाही, बाप नाही, पहिला उन्हाळा नाही. मी मॅनेजरकडे पाहिलं. "चाचांनी रेकॉर्डिंगला परवानगी दिली होती," तो कुजबुजला.

पलीकडे एक तरुण न्यायाधीश बाई होत्या, चेहऱ्याने मायाळू. त्यांनी तिसऱ्याच प्रश्नात विचारलं, "तुम्ही खरं सांगता आहात का?"

"नहीं साहब। मैंने झूठ बोला था।"

चाचांच्या आवाजात. ठसका नाही, काही नाही.

मी त्याचं भाषांतर केलं नाही. माईक उघडून इंग्रजीत सांगितलं की ज्या माणसाचा हा चेहरा आहे तो हे वाक्य कधीही बोललेला नाही, तो आता जिवंत नाही, आणि त्याच्या तोंडी हे घालायचा कोणाला हक्क नाही. मॅनेजर धावत आला. मी त्याचा हात झटकला. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची पर्वा नव्हती.

न्यायाधीश बाई गोंधळल्या. त्यांना तो सरावातलाच एखादा अवघड प्रसंग वाटला असावा. आपल्या कागदात पाहून त्या शांतपणे म्हणाल्या, "दुभाष्याने स्वतःचं मत देऊ नये. कृपया साक्षीदारालाच विचारा."

मी पडद्याकडे वळले. "चाचा," मी मराठीत विचारलं, "तुम्ही खोटं बोललात?"

चाचांचा चेहरा माझ्याकडे बघून नम्रपणे हसला.

"जी हाँ," तो म्हणाला. "मैंने झूठ बोला था।"

न्यायाधीश बाईंनी त्याचे आभार मानले आणि लिहून घेतलं.