कृष्णाकाठी वाचलेले दोन कागद

सीमेवर लढाई पेटून अकरा दिवस झाले होते आणि यांचा फोन नव्हता. फौजीची बायको म्हणून वाट बघायची मला सवय होती, पण तेव्हा माझी श्रद्धाच डळमळली, हे कबूल करते. आमचं कुलदैवत सिद्धनाथ. रोज त्याला हात जोडल्याशिवाय मी चूल पेटवत नसे. त्या दिवसांत हात जुळायचे, पण तोंडातून चांगभलं निघायचं नाही.

आमचं गाव वडूजजवळ. घरी सासरे आणि मी, दोघंच. मी त्यांना मामा म्हणते. लढाईच्या चौथ्या दिवशी माझा थोरला भाऊ मला सांगलीला न्यायला आला. वडील गेल्यावर दादानंच मला वाढवलं, शिकवलं. त्याचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. सांगलीत आल्यावर त्यानं हळूच सांगितलं, "तुझ्या सासऱ्याच्या मनात काळं हाय. दाजींचं बरंवाईट झालं तर तुला बाहेर काढून रान पुतण्याच्या नावावर करनार. तुला पोरबाळ न्हाई. आदीच हुशार हो."

मामा असं करतील हे मनाला पटत नव्हतं. पण भीती माणसाला काहीही पटवते. मी मामांचे फोन घेणं सोडलं. पुढं तर माझा फोनही दादाच जवळ ठेवू लागला, लोक भलतंसलतं सांगून घाबरवतात म्हणून. ड्यूटीवर जाताना यांनी जमिनीचं मुखत्यारपत्र माझ्या नावे केलं होतं. दादा म्हणाला, वकिलासमोर दोन सह्या केल्या की रान सुरक्षित राहील.

बाराव्या दिवशी सकाळी आम्ही सह्यांसाठी वकिलाच्या कचेरीकडं निघालो. रिक्षात मी सारखी रडत होते आणि दादा माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. वकील अजून कचेरीत आले नव्हते, म्हणून कागदांची पिशवी माझ्याकडे देऊन दादा त्यांना बघायला गेला. मी जवळच कृष्णेच्या घाटावरच्या महादेवाच्या देवळात पायरीवर बसले.

शेजारी एक म्हातारी बाई पोथी उघडून बसली होती. डोळ्याला हिरवी पट्टी. मला म्हणाली, "बाळ, आपरेशन झालंय. आजचं पान तेवढं वाचतीस का?" वाचायचं भान नव्हतं, पण नाही म्हणवेना. पहिल्या ओळी अडखळत वाचल्या. मग शब्दावर बोट ठेवून सावकाश वाचू लागले, तसा श्वास जागेवर आला. पान संपल्यावर तिनं पिशवीकडं बघून विचारलं, "आनि ह्ये काय वाचायचं हाय?"

"न्हाई, यावर नुसती सही करायची हाय," मी म्हणाले.

ती पोथी मिटून नमस्कार करत बसली. माझं बोट मात्र अजून वाचायच्या सवयीत होतं. मी कागद काढले. पहिला खरेदीचा करार होता. आमचं विहिरीचं रान मी दादाला विकत होते. दुसरा माझा जबाब होता. सासऱ्यांनी माझा छळ केला, घाणेरड्या नजरेनं पाहिलं, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझं नाव, सहीला जागा मोकळी.

मी त्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली. त्या बाईनं न विचारता आपला फोन पुढं केला. मी मामांना लावला. आवाज ऐकून ते म्हणाले, "बरी हायस न्हवं पोरी? परवा त्याचा फोन आल्यावर जीवात जीव आला बघ."

"कुनाचा फोन, मामा?"

"आगं, तुज्या मालकाचा. आदी तुज्याच फोनवर केल्ता. तुज्या भावानं उचलला. तू देवळात गेलीस म्हनाला. तुला सांगितलं न्हाई?"

दोन दिवस. दोन दिवस दादाला माहीत होतं की हे जिवंत आहेत, आणि आज माझ्या पाठीवरून तोच हात फिरला होता. मला रडूही येईना. दादा वकिलाला घेऊन आला, तेव्हा मी जबाबाचा कागद त्याच्यापुढं धरला. त्यानं वाचला नाही. खाली बघत म्हणाला, "तुज्यासाठीच करत हुतो." मी माझा फोन मागून घेतला, कागद फाडले आणि स्टँडचा रस्ता धरला. चार पावलांवर आठवलं, त्या बाईला हात जोडायचे राहिले. वळून पाहिलं तर पायरीवर कोणी नव्हतं. पुढं दोनदा त्या देवळात गेले, पुजाऱ्यांना विचारलं. अशी बाई त्यांना आठवत नाही. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही.

वडूजच्या स्टँडवर मामा उभे होते. मी सगळं सांगून पायावर डोकं ठेवलं. त्यांनी मला हाताला धरून उठवलं. मग म्हणाले, "आगं, तू वाचलंस न्हवं? मग झालं." सहा आठवड्यांनी हे सुखरूप घरी आले.

आता रोज सकाळी मी नाथापुढं घरच्या सगळ्यांची नावं घेते. दादाचं नाव ओठापर्यंत येतं आणि अडतं. पूर्वी मी स्वतःवर चिडायचे. आता म्हणते, देवा, एवढं एक नाव मला घेता येत नाही. माझ्या वतीनं तूच घे.