उद्या आणतो

सक्करदरा तलावाभोवती रोज सकाळी एक वृद्ध गृहस्थ आपल्या विसराळू झालेल्या बायकोचा हात धरून फिरत. वाटेत ते तिला झाडांची नावं विचारत. ती चुकली की दोघंही खळखळून हसत.

माझे बाबा दिवसभर खुर्चीत बसून असतात, असं मी एकदा त्यांना सांगितलं.

“मंग त्याईले काहून नाही आणत गा? पाय चालले तं डोकं चालते. हिले पाहा, अजून घराची वाट चुकत नाही.”

“उद्या आणतो,” मी म्हणालो. पुढची दोन वर्षं तेच म्हणत राहिलो.

आता बाबांना उठवायला दोन माणसं लागतात. काल त्यांच्या पायात बूट घालायला मी खाली वाकलो, तर त्यांनी अगदी अदबीनं विचारलं, “तुम्ही कोणाकडले जी?”