कोल्हापुरात पडण्याचे चार प्रकार

मिरजेला गाडी बदलून कोल्हापूरच्या डब्यात बसलो, तेव्हा माझ्या मांडीवर माझ्याच पुस्तकाची छापखान्यातून आलेली कच्ची पाने होती. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी मी समानार्थी शब्दांचे एक पुस्तक केले होते. पुण्यात ते बरे खपले आणि आता दुसरी आवृत्ती निघत होती. कोल्हापूरच्या एका विद्यार्थी बोर्डिंगात इंग्रजीचा मास्तर नेमायचा होता, त्यासाठी परीक्षक म्हणून मला बोलावणे आले. पेपर मीच काढायचा आणि मीच तपासायचा. तिथले महाराज सगळ्या जातींच्या मुलांना शिकवायच्या मागे लागले आहेत, हे पुण्यात ऐकून होतो. त्यांच्या राज्यात जाऊन चार शब्द शिकवून यावे, अशा तोऱ्यात मी निघालो होतो.

स्टेशनात उतरताच दचकलो. फलाटावर दोन माणसे इतक्या मोठ्याने बोलत होती की मारामारी होणार म्हणून मी पेटी छातीशी धरली. जवळ गेल्यावर कळले, एकजण दुसऱ्याला जेवायला बोलावत होता. पुढे टांग्याच्या पायरीवरून पाय निसटला आणि मी भर रस्त्यात बसकण मारली.

"लागलं न्हाय न्हवं, पावणं?" टांगेवाला म्हणाला. "मग बसा की आता वर."

बोर्डिंगचे व्यवस्थापक अण्णाप्पा हे शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातले. उतरायला त्यांच्याकडेच होतो. सूर्य मावळायच्या आत त्यांनी जेवणाची पाने मांडली. भाकरी, उसळ, लोण्याचा गोळा आणि खर्डा (तव्यावर रगडलेली हिरवी मिरची). पहिल्या घासालाच डोळ्यांतून धारा लागल्या. दुसऱ्या घासाला मी लोणी खाल्ले आणि मग दोन भाकऱ्या कधी संपल्या ते समजले नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर झाला. उमेदवार तीन. दोघांनी माझ्या पुस्तकातले शब्द जसेच्या तसे उतरवले होते, पाहून जीव सुखावला. तिसरा होता इब्राहिम. घरचा धंदा पुस्तके शिवायचा. 'फॉल' म्हणजे पडणे, याचे चार समानार्थी शब्द लिहा, असा माझा पहिला प्रश्न होता. त्याने सुबक अक्षरात लिहिले होते : 'कोण कसा पडला ते आधी सांगावे.' 'हिट'चे समानार्थी विचारले, तर उत्तर होते, 'कोणी कोणाला व कशाने मारले?' दहाही उत्तरे तसलीच! माझा पारा चढला. परीक्षकालाच उलट प्रश्न? मी शून्य गुण दिले आणि शेजारी 'उद्धट' असा शेरा मारला.

अण्णाप्पांनी तो शेरा दोनदा वाचला. "मास्तर, ह्यानं तीन वरसं आमच्या पोरांस्नी फुकट शिकवलंय. औंदा नेमणूक न्हाय झाली तर बाप त्याला मुंबईला मामाच्या दुकानात धाडणार हाय. निकाल उद्या दुपारी लावायचा हाय. जरा बघा की."

"उत्तरे पुस्तकाबरहुकूम नाहीत," मी म्हणालो.

अण्णाप्पांनी उत्तरपत्रिका उचलून ठेवली. पण उजाडता उजाडता त्यांनी मला उठवले आणि न सांगताच एका तालमीत नेले. कोनाड्यात शेंदरी मारुती, आणि त्याच्या पायाशी माझे पुस्तक! पानांवर तांबडी माती, पाठीला नवी शिवण. हौद्यात (मातीच्या आखाड्यात) पंधरा-वीस जण ओळीने बैठका मारत होते आणि प्रत्येक बैठकेला एक इंग्रजी शब्द ओरडत होते. लंगोट लावून पुढे उभा होता तो इब्राहिम.

वस्ताद सत्तरीचे. अक्षरशत्रू. त्यांनी मला न्याहाळले. "पुस्तक तुमीच केलंय व्हय? मग बरं झालं. एक सांगा. ह्यात पडायला पाच शबुद हाईत, आन सगळं सारखंच म्हणून लिवलंय. आवं, सारखं कसं? साठ वरसं मातीत हाय मी. दोन माणसं एकसारखी पडल्याली बगितली न्हाईत."

माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी खूण केली. एका गड्याने इब्राहिमला डोक्यावर उचलून सोडून दिले. "ड्रॉप!" सगळे ओरडले. मग इब्राहिम कोलांट्या खात गेला, "टंबल!" ओल्या मातीवरून त्याचा पाय सरकला, "स्लिप!" शेवटी तो एकटाच उभा राहिला. कोणी हातही लावला नाही. गुडघे वाकले आणि तो होता तिथेच ढासळला. "कोलॅप्स!" हे शब्द मी दुसऱ्या कोशातून एका ओळीत उतरवून घेतले होते. त्यांतला फरक मला आजवर कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

"हे कुठे शिकलास?" मी विचारले.

"फाटल्याली इंग्रजी पुस्तकं शिवायला येत्यात, मास्तरसाहेब," इब्राहिम धापा टाकत म्हणाला. "शिवता शिवता वाचतो. शबुद कुटं कसा आलाय ते टिपून ठेवतो. मग हितं आणून पारखतो. मातीत जो टिकंल तो खरा."

त्याने थंडाईचा (वाटलेल्या बदामांच्या दुधाचा) पेला पुढे केला. काल ज्याला उद्धट म्हटले, त्याच्या हातचा पेला घेताना मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

परत येताच मी उत्तरपत्रिका मागितली आणि शून्य व शेरा खोडून पूर्ण गुण दिले. अण्णाप्पांनी शांतपणे विचारले, "म्हंजे ह्याचं बरोबर, तर तुमचं पुस्तक चुकलंय म्हणायचं?" सवाल रोकडा होता. दुसरी आवृत्ती छापखान्यात, मित्रांत मिरवलेले नाव, सगळे डोळ्यांपुढे आले.

"चुकले आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारत होतो. दुपारी निकाल लागला आणि इब्राहिम मास्तर झाला.

परतीच्या गाडीत कच्ची पाने पुन्हा मांडीवर घेतली आणि मिरजेपर्यंत काट मारत गेलो. नुसते शब्द जमवले म्हणजे भाषा येते, अशी माझी समजूत होती. तिला कोल्हापूरच्या मातीत पाठ टेकावी लागली. छापखानेवाला माझ्यावर चिडला, पुस्तक निम्म्याने पातळ झाले, पण प्रत्येक शब्दापुढे तो कुठे वापरावा याचे एक वाक्य आले. पहिली प्रत अभिमानाने इब्राहिमला पाठवली.

पंधरवड्यात ती परत आली. पानोपानी बारीक अक्षरात दुरुस्त्या होत्या आणि आत एक चिठ्ठी : 'मास्तरसाहेब, पुष्कळ सुधारले आहे. राहिलेल्या शब्दांसाठी वस्तादांनी आपणास बोलावले आहे. येताना लंगोट आणावा.'