छापील पुस्तकात नसलेली वरात

दारव्ह्यात आमच्या ओळखीत पुस्तकं लिहिणारे दोनच आहेत, पण हेवा करायला दोन पुरतात. एक कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे सर म्हणतात. ते कादंबऱ्या लिहितात. दुसऱ्यांनी सरकारी नोकरीत लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या आणि आता ते कथा लिहितात. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. मी काही लिहीत नव्हतो, म्हणून दोघांचाही मित्र होतो.

आमची एक रीत आहे. सरांच्या शेतात कपाशीच्या कडेला हुरड्यापुरती ज्वारी पेरलेली असते. थंडीत कणसं भरली की आम्ही तिघं तिथं जमतो, आगटी पेटवतो आणि ज्याचं हस्तलिखित तयार असेल तो ते वाचून दाखवतो. प्रेसला जाण्याआधी पुस्तक या आगटीपाशी यावंच लागतं. ऐकणाऱ्यांची तोंडं हुरड्यानं भरलेली असल्यामुळे वाचणाऱ्याला फारसा अडथळा होत नाही.

गेल्या खेपेला सरांनी कादंबरी वाचली. तिच्यात एका लग्नाच्या वरातीचं लांबलचक प्रकरण होतं. भाऊंनी तोंडातला घास संपवला आणि म्हणाले, "सर, हे प्रकरण काढून टाका. वरात गावात पोचेपर्यंत बैल मरून जाईन."

"तुमच्या कथेत तर बैल उठतच नाही," सर म्हणाले आणि कागद पिशवीत घातले. त्यांचा राग भाजलेली वांगी येईपर्यंत टिकला.

पुस्तक निघालं. प्रकाशन यवतमाळला झालं. शाल, श्रीफळ, लांबलचक प्रास्ताविक, सगळं रीतसर. प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं, त्यामुळे ते मनमोकळं बोलले. भाऊ तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांना कोणी मंचावर बोलावलं नाही. जाताना सरांनी त्यांच्या हातात सही केलेली प्रत दिली. भाऊंनी ती न उघडता काखेत धरली.

मग ऑनलाइन अभिप्राय सुरू झाले. सरांच्या जावयानं पाच तारे देऊन 'पॅकिंग उत्तम' असं लिहिलं. पुतणीनं तर पुस्तक हातात पडायच्या आधीच डोळे पाणावल्याचं कळवलं. सरांच्या मते यात लबाडी नव्हती, प्रचार होता. मलाही लिंक आली होती. मी पासवर्ड शोधतो आहे, असं सांगून ठेवलं होतं.

एका सकाळी सर माझ्याकडे आले आणि चहा यायच्या आत त्यांनी मोबाइल पुढे केला. कुणा 'सच्च्या वाचका'नं एकच तारा दिला होता. खाली लिहिलं होतं, 'वरातीचं प्रकरण इतकं ताणलं आहे की वाचक वाटेतच उतरून जातो.'

"मग?" मी म्हणालो. "एवढं ऐकून घ्यावं लागतं, सर."

"वरात पुस्तकात नाहीच. मी ती छापायच्या आधी काढली."

ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. भाऊंचं ऐकलं हे कबूल करण्यापेक्षा त्यांना गप्प राहणं सोपं गेलं होतं. वरात ऐकली होती ती आगटीपाशी आम्ही दोघांनीच. सरांनी माझ्याकडे थोडा वेळ रोखून पाहिलं. मग मी अभिप्राय लिहिण्याइतका कामसू नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"एका ताऱ्याचं काही नाही," ते म्हणाले. "पण त्यानं पुस्तक उघडलंही नाही."

त्यांची पुढची कादंबरी तयार होती. प्रश्न एवढाच होता, की या थंडीत भाऊंना बोलवायचं की नाही. न बोलवावं तर ऐकणारा मी एकटा, आणि मला सगळंच बरं वाटतं हे सरांना ठाऊक होतं. शेवटी हुरडा तयार झाला तसा त्यांनी मला निरोप दिला, "भाऊंना घेऊन या."

भाऊ आले. सर वाचू लागले. पहिल्या प्रकरणाला भाऊ म्हणाले, "छान." दुसऱ्याला म्हणाले, "फारच छान." तिसऱ्याला त्यांनी नुसती मान डोलावली. इतका सज्जन माणूस त्या आगटीपाशी मी पूर्वी पाहिला नव्हता. सरांचा आवाज मात्र उतरत गेला. चौथ्या प्रकरणाच्या मध्येच त्यांनी कागद मांडीवर ठेवले.

"भाऊ, तुम्ही तर जावयासारखे बोलून राह्यले," ते म्हणाले. "वरात मी काढली होती. तुम्ही सांगितलं म्हणूनच काढली. पुस्तक उघडलं असतं तर दिसलं असतं."

भाऊ हातातलं कणीस चोळत राहिले. दाणे कधीच निघून गेले होते. मग ते म्हणाले, "मले मंचावर बोलवाले पाह्यजे होतं, सर."

"हो. बोलवायला पाहिजे होतं."

मी आगटीत गोवरी सरकवली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"पण काढली काहून?" भाऊ एकदम म्हणाले. "पुरी कायले काढाची? अर्धी ठेवली असती. नवरदेवाचा मामा चांगला होता."

सरांनी कागद उचलले. "आणि हे? आत्ता वाचलं ते?"

"दुसरं प्रकरण बेकार हाय," भाऊ म्हणाले आणि हुरड्यासाठी हात पुढे केला.

सरांनी खिशातून पेन काढलं. "कुठून बेकार आहे, ते सांगा."