पडवीतला कार्बन

ऐंशीच्या दशकात खेडजवळच्या एका गावातल्या हायस्कूलात मी विज्ञान शिकवत होते. नोकरी तात्पुरती. तपासणीला येणारे साहेब चांगला शेरा देतील तरच मी कायम होणार होते. नाहीतर रत्नागिरीला घरी परत, आणि मग लग्नाच्या बाजारात. मला ती नोकरी जिवापाड हवी होती.

प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्याला कुलूप. म्हणून तपासणीच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या सारवलेल्या पडवीत मी स्वतःच कार्बनचा अणू मांडला. प्रोटॉन म्हणून सहा सुपाऱ्या, न्यूट्रॉन म्हणून सहा काजूबिया. घरंगळू नयेत म्हणून खाली तांदळाची रास. भोवती रांगोळीची दोन वर्तुळं. आतल्यावर दोन, बाहेरच्यावर चार जास्वंदीच्या कळ्या, ते इलेक्ट्रॉन. प्रोटॉनवर धनभार असतो, तेव्हा प्रत्येक सुपारीवर कुंकवाने अधिकचं चिन्ह काढलं. कोकणात जन्मून मला एवढंही कळू नये!

सकाळी अर्धं गाव अंगणात उभं. हेडमास्तर चपला हातात घेऊन.

"बाई, ह्या कोनी केलान?" एका म्हातारीने विचारलं.

"मी. कार्बन आहे तो."

"कोनावर केलीस ही करनी?"

मी चिडून सुपाऱ्या उचलायला वाकले, तर सगळे एकदम ओरडले. मांडलेलं असं हलवायचं नसतं, आधी देवाला विचारायचं. शेजारच्या देवळातून गुरव आले. त्यांनी अणूसमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, ह्यो कार्बन म्हनून जो काय हाय, त्येचा लेकराबालांना तरास होऊ देऊ नको."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज हेडमास्तरांचा.

मग कौल लावला. देवाच्या दगडी अंगावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. कार्बन जागचा हलायचा नाही असं ठरलं, आणि तेवढ्यात एसटीतून साहेब उतरले.

साहेब स्वतः विज्ञानाचे पदवीधर. त्यांनी मांडामांड नीट पाहिली, बूट काढले आणि बाहेरच्या कक्षेला पाय न लावता लांबून वळसा घालून खुर्चीवर बसले. मुलं वर्तुळाबाहेर मांड्या घालून बसली.

"मधल्या सुपाऱ्या ह्या कळ्यांना ओढतात ना?" साहेबांनी विचारलं. "मग कळ्या आत का पडत नाहीत?"

मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "सायेब, त्यांना कौल नाय मिलाला."

झालं, गेली नोकरी, असं मला वाटलं. पण साहेबांनी पाठ्यपुस्तक मागून घेतलं आणि अणूचं पान काढलं. ठराविक कक्षांतच फिरायची परवानगी असते, असं पुस्तकात होतं. ती कोणी दिली, याबद्दल पुस्तकाने तोंड शिवलं होतं.

साहेबांनी शेरा लिहायला पेन काढलं. कागदावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग हळूच हेडमास्तरांना म्हणाले, "गुरव आहेत का अजून?"

आम्ही सगळे देवळात गेलो. माझ्या कायम होण्याबद्दल दोन पाकळ्या देवाच्या अंगावर चिकटल्या. हा काय चावटपणा, असं मी म्हणायला हवं होतं. मी पदर खांद्यावरून घेतला, हात जोडले आणि श्वास रोखून उजव्या पाकळीकडे बघत राहिले. डावी थोडी सुटल्यासारखी वाटली, तेव्हा तर माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मनात म्हटलं, देवा, उजवी पाड, पाच नारळ ठेवते.

उजवी पडली. साहेबांनी देवळाच्या पायरीवर बसूनच शेरा लिहिला, 'अध्यापन शास्त्रशुद्ध.' मी नारळ आणायला दुकानाकडे धावत सुटले.