उतरलेल्या सेलवरचा एक नंबर

मी बालाघाट सोडलं ते शहाऐंशीच्या मे महिन्यात, लग्न होऊन. छोट्या लाइनीच्या गाडीत बसले तेव्हा आई खिडकीशी येऊन म्हणाली, "आता तिकडची हो बाई. मांगं पाहू नोको." मी पाहिलंच. दादा प्लॅटफॉर्मवर उभा होता, खांद्याला आमचा टेपरेकॉर्डर. गाडी सुटेपर्यंत वाजवू म्हणून आणला होता, पण सेल ऐन वेळी पार मेले. नवा नवरा शेजारी बसलेला, आणि माझ्या मनात एकच, की आता हे सगळं दादा एकटा ऐकणार.

तिथे राहिलेल्यांना आमचं वेड माहीत आहे. माझ्यासारखे जे निघून गेले त्यांच्यासाठी सांगते. दादा मलाजखंडला तांब्याच्या खाणीत स्टोअरमध्ये नोकरीला होता. तिथल्या एका इंजिनिअरकडे परदेशातून रॉक आणि पंकच्या कॅसेट यायच्या. त्या रेकॉर्ड करून घेऊन दादा शनिवारी घरी यायचा. त्यांना ना कव्हर ना नाव, म्हणून नावं आम्हीच ठेवायचो. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सरत्या कॅलेंडरच्या पाठीवर वर्षातल्या आवडत्या दहा कॅसेटची यादी व्हायची. नियम एकच: एक नंबर दोघांना पटला तरच लिहायचा, नाहीतर जागा रिकामी. पंच्याऐंशीचा एक नंबर होता 'रडका'. काय तो जड, ओढत ओढत जाणारा आवाज! बाबा पेपरातून मान वर काढून विचारायचे, "काहून रडून राह्यला थो एवढा?"

पुण्यात आल्यावर दोन वर्षं यादी पोस्टाने झाली. दादा नऊ नावं लिहून पाठवायचा आणि एक नंबरवर माझं मत मागायचा. अठ्ठ्याऐंशीत त्याचं लग्न झालं. वहिनी तिरोडीची, बालाघाटकडचीच. त्या डिसेंबरला यादी आली ती वहिनीच्या अक्षरात, आणि एक नंबर भरलेला! खाली दोघांच्या सह्या. मी ती यादी डाळीच्या डब्याखाली दाबून ठेवली. नणंदा दागिन्यांवरून जळतात म्हणे. मी यादीवरून जळत होते.

त्यानंतर महिन्याभरात कॅम्पातल्या एका दुकानात रडका वाजताना ऐकला. सुरुवातीला बाटली फुटते आणि कोणीतरी हसतं, त्यावरून ओळखला. पण हा रडत नव्हता. पोरं नुसती धावत सुटलेली, जीव खाऊन ओरडत. मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्या टेपरेकॉर्डरचा विजेवर चालायचा भाग केव्हाच जळला होता. नवे सेल बाबांच्या रेडिओला. तिथले उतरले की गच्चीवर उन्हात वाळवून आम्हाला. दमलेल्या सेलवर सगळंच हळू चालायचं. इतकी वर्षं आम्ही पंक असं ऐकत होतो, आणि त्यावर ऐटीत नंबर देत होतो.

मी ती अस्सल कॅसेट कव्हरसकट विकत घेतली. खरं सांगते, मला आनंद झाला तो वहिनीला शिकवायला काहीतरी मिळालं याचा. उन्हाळ्यात बालाघाटला गेले ती कॅसेट घेऊनच. दादाने तोवर विजेवर चालणारा नवा टेप घेतला होता. त्यात मी ती लावली. वहिनीने एक गाणं शांतपणे ऐकलं, मग हसली. "ताई, ये तो भाग रहा है. आपला रडका असा नाही न."

'आपला' हा शब्द मला झोंबला.

ती आत जाऊन जुना टेपरेकॉर्डर घेऊन आली. सोबत बिस्किटांचा डबा, त्यात चार उतरलेले सेल.

"दिवाळीत हा नवा टेप घेतला, त्यावर तुहा रडका पळाले लागला," दादा म्हणाला. "मी म्हटलं, कॅसेट बिघडली. हिनंच सांगितलं, सेलमुळं होते म्हणून. तवापासून रडक्याचे सेल अलग ठेवते."

म्हणजे जे कळायला मला पुणं गाठावं लागलं, ते तिला घरबसल्या कळलं होतं, तेही माझ्या आधी. तिने बटण दाबलं. तोच जड आवाज, तसाच ओढत ओढत आला. मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं, माहेरच्या आठवणीने. निम्मं तर रागानेच होतं.

निघताना मी ती जुनी कॅसेट मागितली. माझीच आहे, असंही वर म्हणाले. वहिनीने ती रुमालात गुंडाळून दिली, वर सेलही दिले. "न्या न ताई. तुमचीच हाये."

पुण्यात माझ्या टेपमध्ये ते सेल दीड गाण्यात संपले. आमच्या गॅलरीत ऊन जेमतेम तासभर येतं. तेवढ्या वेळात मी ते वाळत घालते; शेजारणी काय म्हणायचं ते म्हणोत. रडका कधी पाव गाणं म्हणतो, कधी नुसता घुरघुरतो. इथे माझा संसार आहे, दुकानं आहेत, हव्या त्या कॅसेट आहेत. घर मात्र अजून त्या गच्चीवरच आहे, आणि तिथे आता तिच्या हातचे सेल वाळतात. याचा हेवा वाटतो तो वाटतोच. पण त्याहून जास्त जळते ते दुसऱ्याच गोष्टीवर. मी मागितली आणि तिने कॅसेट लगेच देऊन टाकली. तिच्या जागी मी असते, तर दिली नसती.